तिसरा रकाना

मी सातवी नापास. पण सगळी नोकरी सरकारी छापखान्यात पुस्तकं शिवण्यात गेली. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, वाचलं एकही नाही.

बायको जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून मला बसवत नाही. मुलाच्या नोएडातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरतो. नळ घट्ट करतो, बिजागऱ्यांना तेल घालतो. सून म्हणते, "बाबा, जरा बसा ना." बसून काय करू? बसलं की ती दिसते.

नात डिझाइनच्या कॉलेजात आहे. तिचा अभ्यास मला थट्टाच वाटायचा. लोणच्याच्या बरणीचं नाव अन् चित्र ठरवायला तिनं महिना घातला. त्याला ब्रँडिंग म्हणतात म्हणे. मी विचारलं, "लोणचं कुठंय?"

"आबा, लोणचं नसतंच. फक्त ओळख असते."

"मग पोळीबरोबर काय, ओळख खायची?"

पुढं मेट्रोत कोण बसतं, कोण उभं राहतं याचे रंगीत गोल काढले. ते इन्फोग्राफिक. यंदा मात्र हातानं पुस्तक बांधायचं होतं, आणि त्यासाठी तिनं आजीचे कागद मागितले. मी गठ्ठा काढून दिला.

लग्न होऊन बायको दिल्लीत, करोल बागेतल्या भाड्याच्या खोलीत आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. छापखान्यात उरलेले कागदाचे तुकडे मी साहेबांना विचारून घरी आणायचो. लहानमोठे, वेडेवाकडे. त्यावर ती तीन रकाने आखायची. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात हिंदी. तिसऱ्यात काय, ते मी कधी पाहिलं नाही. बायको काय लिहिते हे बघायला वेळ कुणाला होता?

दोऱ्याला मेण कसं लावायचं, टाका कुठं ओढायचा, कुठं सैल सोडायचा, हे नातीला मीच शिकवलं. पोरीचा हात चांगला आहे, आजीसारखा. सोमवारी मास्तर लोक पुस्तक तपासणार होते. रविवारी सकाळी शिवण पुरी झाली आणि ती पुठ्ठ्याचं कापड आणायला निघाली.

"आबा, यावर फक्त वजन ठेवा. बाकी हात लावायचा नाही. प्रॉमिस?"

"जा गं."

वरवंटा ठेवला. तासभर त्याच्याभोवती फिरलो. कडा दिसत होत्या, एक आत, एक बाहेर. असलं पुस्तक आमच्या फोरमननं तोंडावर फेकलं असतं. उद्या मास्तर हिला हसतील, असं मनात आलं. उचललं आणि मार्केटातल्या फोटोकॉपीवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं कागद कापायची हातमशीन आहे.

"तीनों तरफ़ से, अंकलजी?"

"तीनों."

दांडा मीच ओढला. कचकन. मोठ्या तुकड्यांचं बोटभर गेलं, पण कडा आरशासारख्या झाल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा हातांना बरं वाटलं.

नात आली. पानं उलटत गेली, मग पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"आबा, तिसरा कॉलम कुठंय?"

"कसला?"

"आजी कडेपर्यंत लिहायची. तो शब्द तिला कुणी शिकवला, ते. यार आबा, माझं पुस्तक त्याच्यावरच होतं!"

मी लिफ्टची वाट पाहिली नाही. गुडघे बोंबलत होते तरी जिन्यानं उतरलो. मागून नात.

दुकानात कातरणांचं पोतं अजून होतं, रद्दीवाला यायचा होता. "कबाड़ी आता ही होगा," दुकानदार म्हणाला. मी पोतं फरशीवर ओतलं. प्रत्येक पट्टीवर अर्धी अक्षरं. कुठली पट्टी कुठल्या पानाची हे कळायला पान वाचावंच लागे. म्हणून वाचलं. तिच्या हयातीत वाचायला हवं होतं, ते दुकानाच्या फरशीवर वाचलं.

कोथिंबीर, धनिया, भाजीवाला. उंबरठा, दहलीज़, शेजारची सरदारीण. मग एकेक 'हे' यायला लागलं. 'हे' म्हणजे मी. लवकर, जल्दी, हे. गप्प, चुप, हे. राहू दे, छोड़ो, हे.

नात हसली. "आबा, तुम्ही आजीला एवढंच शिकवलंत?"

खरंच होतं. मी नेहमी घाईत. ती जेवण वाढत असायची अन् मी उभा.

दुपार टळेपर्यंत जवळजवळ सगळ्या पट्ट्या लागल्या. नात म्हणाली, जोड दिसेल असाच चिकटवीन, लपवणार नाही. एकाच शब्दाची कड सापडेना. विसावा, आराम, आणि पुढं कापलेली कड.

"विसावा म्हणजे नक्की काय, आबा?"

"चालून दमल्यावर घटकाभर टेकणं."

"इथं 'हे' लिहू? कुणाला कळणार आहे!"

"नको. हा मी शिकवलेला नसणार."

दुकानदारानं स्टूल पुढं सरकवलं. "बैठ जाइए अंकलजी, कब से लगे हो." मी नको म्हटलं आणि पोतं पुन्हा उलटं केलं. कुणी तरी तिला हा शब्द शिकवला होता. कोण, ते मला हवं होतं.