खडूचे किडे

पडदेवाल्या काकूंच्या घरात शिरलं की आधी शिलाई मशीन दिसायचं, मग कापडाचे गठ्ठे, आणि कापणीच्या टेबलाच्या टोकाला एक काचेची पेटी. पेटीत ओली माती, थोडं शेवाळ आणि मुठीएवढ्या दोन गोगलगायी. आता मला सांगा, गोगलगाय हा काय पाळायचा प्राणी आहे? ना दारात वाट बघणार, ना हाक मारली की येणार. पण लेकाची हौस! वडील लवकर गेले, काकूंनी पडदे शिवून शिवून एकटीनं वाढवला, त्याचा शब्द म्हणून कधी खाली पडू दिला नाही. नोकरी लागून तो लांबच्या शहरात निघाला तेव्हा बॅग खांद्यावर टाकून म्हणाला, "आई, यांना सांभाळ हं." आणि तुला तिकडे कोण सांभाळणार, हे विचारायचं काकूंच्या ओठांवरच राहिलं.

पुढे रविवारचा फोन यायचा. "जेवलीस का? बरी आहेस ना? चल, काम आहे." झालं! रॉंग नंबर लागलेला माणूससुद्धा याहून जास्त बोलतो. काकू मात्र सकाळपासून फोन मशीनवर समोर ठेवून बसायच्या आणि टीप वाकडी जायची. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची नणंद. लग्न केलं नाही, शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, तोंडाच्या फटकळ. त्या म्हणायच्या, "वहिनी, किती बघाल त्या फोनकडे? तो काय अंडं घालणार आहे?"

मग एके दिवशी काकडीची चकती ठेवताना काकूंना मोठ्या गोगलगायीच्या मानेवर पांढरे ठिपके दिसले. पिनेच्या टोकाहून बारीक, आणि भराभर पळत होते. काचेवर, मातीत, सगळीकडे तेच. काकूंचं धाबं दणाणलं. रविवारची वाट न बघता त्यांनी फोन लावला.

"अरे, तुझ्या गोगलगायींना कीड लागली रे! मेल्याबिल्या तर?"

"आई, घाबरू नकोस. कॅमेरा चालू कर. जवळ ने. हां, दिसले. आता मी सांगतो तसं कर."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, ऑफिसातून खोलीवर पोचल्या पोचल्या, पायातले बूटही न काढता तो फोन करू लागला. तो सांगे तसं काकू करत. जुनी माती सगळी फेकली. पेटी साबण न लावता कढत पाण्यानं धुतली. नवी माती कढईत भाजली, तेव्हा नणंदबाई स्वयंपाकघरात डोकावून म्हणाल्या, "आज जेवायला हेच का?" गोगलगायी कोमट पाण्यात धरून मऊ ब्रशनं एकेक किडा झाडायचा, रात्री मातीवर काकडीची साल ठेवायची आणि सकाळी तिला चिकटलेले किडे सालीसकट टाकून द्यायचे.

हात पेटीत असायचे, डोळे मात्र फोनमध्ये. मागचा न आवरलेला बिछाना, खुर्चीवर फेकलेला शर्ट, त्याच्या गालाची वर आलेली हाडं, सगळं काकू बघून घ्यायच्या. किड्यांचं बोलता बोलता तो साहेबांचं बोलायचा, शेजारच्या खोलीतल्या घोरणाऱ्याचं बोलायचा, आणि कधी हसला तर अगदी लहानपणीसारखा हसायचा. काकूंना वाटायचं, देवा, या किड्यांचं भलं कर.

पण काकू कामाला चोख. काही दिवसांनी त्या पेटीत बघतात तो एकही किडा नाही. दुसऱ्या कुणालाही आनंद झाला असता. काकूंनी घड्याळाकडे बघितलं. फोनची वेळ होत आली होती. कापडावर खुणा करायचा पांढरा खडू टेबलावर पडला होता. काकूंनी तो उचलला आणि नखानं खरवडून थोडा चुरा मातीवर पाडला.

"आहेत रे अजून," त्या म्हणाल्या.

त्यानं वाकून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. "हं. आहेत खरे. उद्या परत बघू."

मग रोजच खडू. नणंदबाईंनी एकदा पकडलंच. "अहो वहिनी! पोरगं दमून भागून येतं, काळजी करतं आणि तुम्ही त्याला खडू दाखवता? काही वाटतं का जिवाला?"

हे मात्र काकूंना लागलं. त्या संध्याकाळी त्याचा चेहरा फारच उतरलेला दिसला. दोनदा जांभई दिली त्यानं. काकूंना राहवेना.

"किडे नाहीत रे बाळा. कधीच गेले. हा खडू आहे. मी खोटं बोलले तुझ्याशी."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"पहिल्याच दिवशी कळलं. आई, किडे पळतात गं. खडू जागच्या जागी पडून असतो."

"मग बोलला नाहीस ते, गाढवा?"

तो शर्टाचं बटण चाळवत राहिला. "बोललो असतो तर उद्या फोन कशासाठी करायचा, ते मला सुचलं नसतं."

काकूंना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. इतके महिने गिळलेलं सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. "मला तुझी फार आठवण येते रे. घर खायला उठतं. ये ना."

"सुट्टी नाही गं मिळत. मागितली होती."

"मागितली होतीस?"

"दोनदा. पण किडेबिडे काही नसले ना, तरी मी रोज फोन करीन. नक्की."

"कर," काकू म्हणाल्या. पदरानं त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग फोनची काच पुसली. तो तसाच, काचेच्या पलीकडे, केस कपाळावर आलेले. "कर रे रोज. पण फोनमधून तुझ्या डोक्यावरून हात नाही ना फिरवता येत."