पोळ्याआधीचा पोतारा

जेवणं उरकल्यावर जरा पाठ टेकावी म्हणून सुगंधा चटईवर आडवी होते. डोळे मिटतात, पण डोक्यातली घरं मिटत नाहीत. ती गावची आशा सेविका. उद्या मलेरियाची फवारणी, परवा पोळा. आणि पोळ्याला भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा दिल्याशिवाय राहील अशी बाई या गावात अजून जन्माला यायची आहे. औषधावर माती चढली की डास त्या भिंतीवर खुशाल बसतात. फवारल्यावर पोतारू नका, असं सांगत सकाळपासून तिने दारोदार घसा कोरडा केला. बायका हसल्या.

"सरक ना थोडीशी," कुणीतरी म्हणतं.

उशाशी लहानुबाई बसली आहे. नावाची लहान, नात्याने थोरली जाऊ, मागच्या पोळ्यानंतर तापाने गेलेली. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. सुगंधाला भीती वाटत नाही, राग येतो.

"तुमाले सांगतलं होतं ना बाई, फवारलेली भित पोतारू नोका म्हणून."

"सण होता. भितीवर औषधाचे वंगाळ ओघळ. लोक का म्हनले असते?"

"ताप डोक्यात चढला तुमच्या."

"चढला," लहानुबाई शांतपणे म्हणते आणि भिंतीवर हात फिरवू लागते.

भिंत लांबत जाते. आता ती दवाखान्यातली आहे, लहानुबाईच्या शेवटच्या खाटेमागची. लहानुबाई तीही भिंत पोतारते, बोटांच्या कमानी उमटवत. सुगंधा शेजारी बसून मातीत हात घालते. माती गार आहे. तिला रडू येतं आणि ती पोटभर रडते.

"तू नोको पोतारू म्हनतेस. सणाच्या तोंडावर कोन ऐकन?"

"मंग का करू?"

"आज पोतारलेली भित परवा पुन्हा कोन पोतारते?"

सुगंधाचा हात थांबतो. आज पोतारा, उद्या फवारणी. ऊन आहे, वाळेल.

"आन ओघळ दिसतीन त्याचं?"

"लेकराले तीट लावतोच ना आपण. घराले लावली समज."

सुगंधा उठून बसते. दारात तेच ऊन, समोर तीच कोरडी भिंत. घरात कुठेच माती भिजवलेली नाही. पण तिच्या उजव्या हाताच्या नखांत पांढरी माती आहे, ओली.

ती हात धुत नाही. पदर खोचून शेजारच्या दारात उभी राहते.

"घमेलं काढ वं पार्बता. पोतारा आजच देऊ, दोघी मिळून. मंग साऱ्या गल्लीले उठवू."

पार्बता नाही म्हणायला तोंड उघडते, तेवढ्यात तिची नजर त्या नखांवर जाते.

"तू त सुरूच केलं वाटते," ती म्हणते आणि माती भिजवायला घेते.