रूपरावांची शिडाची होडी

९ जानेवारी २०२२ रोजी केळझरच्या रूपरावांनी नागपूरच्या एका डॉक्टरांकडून ट्रेलरसकट शिडाची जुनी होडी घेतली. किंमत ६२,५०० रुपये. आदल्या दिवशी त्यांच्या पत्नीची, मनकर्णाबाईंची, म्हैस तेवढ्यालाच गेली होती.

"तीन वर्षं फिरवतो, अन् आहे त्याच भावात विकतो. मंग तुह्यी म्हैस परत," असा शब्द रूपरावांनी दिला होता. मी त्यांचा मावसभाऊ, वर्ध्यात पतसंस्थेत व्यवस्थापक. म्हणून साक्षीदार मी.

होडीची घडण खरोखर उत्तम होती. फायबरचा तळ जाड, ट्रेलरला गंज नाही, डोलकाठी दोघांनी पंधरा मिनिटांत उभी करावी. रविवारी तलावावर वारा नसला, की रूपराव मध्यभागी तासन्‌तास बसून राहत. काठावरून मनकर्णाबाई विचारीत, "म्हैस दोन वेळा दूध देत होती. हे काय देऊन राह्यली?"

"शांती देते!"

"मंग चहा शांतीचाच घ्या."

पहिल्याच दसऱ्याला रूपरावांनी होडीची पूजा केली, हार घातला आणि 'श्री गणेश प्रसन्न, रूपराव, केळझर' अशी पितळी पाटी वरच्या फळीवर आठ स्क्रूंनी ठोकून बसवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचे नाव असले की भाव चढतो, हा त्यांचा अनुभव.

गेल्या एप्रिलमध्ये नागपूरहून ओमप्रकाश नावाचे गिऱ्हाईक आले. मुलांना होडी चालवायला शिकवणारा हा माणूस. तळ पाहून, ट्रेलर हलवून तो म्हणाला, "माल चांगला आहे. पासष्टपर्यंत जाईन." रूपरावांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिले.

मग ओमप्रकाशने बोटाच्या पेराने वरची फळी ठोकत नेली. ठक, ठक, ठक. पाटीपाशी आवाज भदभद आला. त्याने एक स्क्रू धरला. तो हातानेच निघाला आणि मागोमाग तपकिरी पाणी.

"काकाजी, स्क्रू काऊन मारले?"

"ट्रॉलीले असेच मारले. वीस वर्षं झाले, काई नाई झालं."

"ट्रॉली लोखंडाची. याच्या दोन फायबरच्या मधात लाकूड असते. भोकात आधी मसाला भरला असता, तर पाणी गेलं नसतं. आता फळी कापून नवी टाकावी लागेल. अठ्ठेचाळीस."

मनकर्णाबाईच पुढे झाल्या. "बापू, म्हशीचं एक थान गेलं म्हणून कोणी अख्खी म्हैस फुकट मांगत नाई. पन्नास दे, अन् घेऊन जा."

पन्नासावर सौदा झाला. पैसे मनकर्णाबाईंनी स्वतः मोजून घेतले आणि म्हणाल्या, "आता साडेबारा तुमच्याकडून."

रूपरावांनी हरभरा विकून दहा हजार दिले. म्हैस मे महिन्यात आली. कमी पडले ते मनकर्णाबाईंनी बचत गटातून उचलले. रूपरावांकडे त्यांचे २,५०० रुपये अजून बाकी आहेत.