कुंदाताई आणि आईची टाच

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्या किहीममध्ये सवाष्ण जेवायला बोलावतात आणि पानावर बसण्याआधी तिचे पाय धुतात. कुंदाताईंच्या घरी या पाय धुण्याला भारी वेळ लागे. चष्मा नाकावर चढवून त्या सवाष्णीची टाच उजेडाकडे वळवत, बोटांच्या बेचक्या उघडून बघत. स्वतः लग्न न केलेल्या बाईला हे सोपस्कार कशाला हवेत, अशी गावात कुजबुज असे. त्या म्हणत, "पूजा देवीची, तळवे माझे. एरवी मला पाय दाखवायला कोण येत्ये?"

त्यांची सारी नोकरी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत झाली. त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बश्यांत वाढवायच्या, त्यांच्यावर ताणाची संप्रेरकं घालायची आणि त्या कशा वागतात ते बघायचं. निवृत्त झाल्यावर त्या इथल्या वाडीत परतल्या. कुणी काही ठाम विचारलं की उत्तर ठरलेलं, "बशीत होतं. माणसात माहीत नाही." हे 'माहीत नाही' त्या अशा रुबाबात म्हणत, की ऐकणाऱ्याला आपल्याच ज्ञानाची लाज वाटावी.

एका श्रावणात त्यांची सवाष्ण होती माझी आई. मी तेव्हा जातीबाहेर लग्न करून मुंबईला गेले होते, त्याला दोन वर्षं झाली होती. आईच्या टाचेवर काळा डाग होता. कुरूप झालं की आमच्याकडे तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देतात, त्याचा डाग पडतोच. त्यामुळे घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं.

"बिब्ब्याचा गो तो. वर्षभरात जरा पसरलाय इतकंच," आई म्हणाली.

"बिब्ब्याचा डाग कातडीबरोबर निघून जातो. हा वर्षभर पसरतोय कशाला? सोमवारी मुंबईला जायचं. आता पुरणपोळी खा, तूप घे."

तो कॅन्सरच निघाला. टाचेचा तुकडा काढावा लागला, पण वेळेवर सापडला म्हणून निभावलं. आज आई किंचित लंगडते, तरी वाडीभर फिरते. कुंदाताईच गेल्या वर्षी गेल्या, झोपेत.

ऑपरेशननंतर मी आईला भेटायला जाई, तेव्हा आमच्याच घरी राहणारी आत्या मला ऐकू जाईल असं म्हणे, "लेकीनं केलं नि आईच्या अंगावर निघालं." ते माझ्या मनात रुतून बसलं. शेवटी एके दिवशी मी कुंदाताईंकडे गेले. त्या पडवीत सुपारी सोलत होत्या.

"खरं सांगा, माझ्यामुळे झालं का हे?"

मला फक्त 'नाही' ऐकायचं होतं.

"मेंदू नि कातडी आईच्या पोटात एकाच थरातून घडतात, गो. ताणाची जी रसायनं मेंदू सोडतो, त्यातली काही कातडीसुद्धा बनवत्ये. त्यांनी बशीतल्या पेशी चेकाळतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा ताणाचा काही संबंधच नाही, असं खोटं सांगणार नाही. पण तुझ्या लग्नानं आईची टाच बिघडली असं छातीठोक सांगणारं माणूस मला अजून भेटलं नाही. तुझी आत्या सोडून."

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. एक साधं खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? त्यांनी हात धुतले आणि त्या माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या. आई कॉटवर होती, शेजारी आत्या.

"अक्का," कुंदाताई आत्याला म्हणाल्या, "ताणानं हे वाढतं का, यात माझी हयात गेली, तरी अर्धंच कळलं. पण वाढतं असं धरू. लग्न होऊन दोन वर्षं झाली. रोज हिच्या उशाशी बसून ते उगाळतं कोण? मग ताण कुणाचा धरायचा?"

आत्या चहा टाकायला उठून गेली.

मग आई उशीला टेकून बसली. ती म्हणाली, "काळजी होतीच मला, कुंदा. लग्नाची नव्हे. ही सकाळी यायची नि दुपारच्या लाँचनं परत जायची. पोटभर कधी बोललीच नाही."

त्या दुपारी मी लाँच पकडायला मांडव्याच्या धक्क्यावर गेलेच नाही. नवऱ्याला फोन करून सांगितलं, उद्या तूही ये.