घोड्याच्या बुटांचे खिळे

पहाटेपासून धुकं नुसतं लोंबकळत होतं. मेण लावलेला दोराही हाताला दमट लागत होता. जोसाया पिलबीम गुडघ्यांत खोगीर धरून टाके घालत होता. हॅझलफर्ड गावाची खोगिरं आणि लगाम त्याच्याच दुकानात बनत. बावीस वर्षं गावच्या क्रिकेट संघाची कप्तानीही त्याच्याकडेच.

नवी पोरं हात खांद्यावर नेऊन चेंडू टाकत. पिलबीम खालूनच सोडायचा, पोराला झोका द्यावा तसा. पोरं हसायची आणि त्याच चेंडूवर बाद व्हायची. पण यंदा क्लबच्या कमिटीने बजावलं होतं: आज मार्लडीनशी हरलात तर कप्तानी सोडा.

खोगीर बाजूला सारून तो मैदानावर गेला आणि खेळपट्टीपाशी गुडघे टेकून बसला. रोलर ओढणाऱ्या घोडीला चामडी बूट घालतात, नाहीतर खुरांनी गवत फाटतं. बूट पिलबीमचेच. घाईत त्याने तळ शिवण्याऐवजी खिळ्यांनी ठोकले होते. खिळे बाहेर आले आणि एका टोकाला जमिनीची चाळण झाली. तीही नेमकी त्याचा चेंडू टप्पा घेई तिथं. अशा जागी त्याचा चेंडू खेळणं म्हणजे फलंदाजाला आंधळी कोशिंबीर.

गाव म्हणालं, किडे टिपताना कावळ्यांनी चोची मारल्या. बायको हॅरिएट कानाशी येऊन पुटपुटली, "अहो, ढकला की कावळ्यांवर. त्यांना कुठं दुकान चालवायचंय?"

मार्लडीनचा कप्तान टपन, पेशाने गिरणीवाला, वाकून भोकात बोट घालत होता. "काय हो पिलबीम, कावळे फार माजलेत तुमच्याकडे."

पिलबीमने टोपी काढून डोकं खाजवलं. "कावळे नव्हेत, टपनशेठ. माझे खिळे आहेत. पट्टी दुसरीकडे आखू या."

"हे तुमच्या गिऱ्हाइकांना सांगू?"

"माझ्याआधी पोचलात तर सांगा."

नव्या पट्टीवर पिलबीमचा चेंडू गुमान सरळ येऊ लागला. टपनने त्यातले तीन ओढ्यापार घातले. हॅझलफर्ड एकोणीस धावांनी हरलं. संध्याकाळी पिलबीमने कप्तानी सोडली. कमिटीला तोंड उघडावंच लागलं नाही.

सोमवारी पहिली तीन गिऱ्हाइकं खिळ्यांचीच चौकशी करून, मनसोक्त हसून गेली. चौथे आले डॉक्टर, हातात घोडीचं खोगीर आवळायचा तुटका तंग. घोडी बाहेर ताटकळली होती, पलीकडच्या गावी बाळंतीण अडली होती. पिलबीमने खिडकीजवळ स्टूल ओढलं, आरी उचलली आणि टाक्यासाठी पहिलं भोक पाडलं.