चांगूनानांच्या हाताची वीत

माघ वद्य सप्तमी, मंगळवार. शाळेची ओसरी. हजर : वरच्या आळीतलं प्रत्येक घर, खालच्या आळीतलंही प्रत्येक घर, खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून कासमभाई आणि त्यांचे दोन भाऊ, मिठागरावरची चार माणसं, आणि भिंतीला टेकून बसलेल्या कमळीकाकी. गैरहजर कोणी नाही. मंडळाच्या इतक्या वर्षांच्या हजेरीत असं मी पहिल्यांदा लिहिलं. ज्यांच्यासाठी जमलो होतो त्यांचं नाव मात्र सवयीने पहिल्या ओळीवर लिहून गेले, आणि मग ते तसंच ठेवलं.

बातमी आली तेव्हा मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते. वरच्या आळीतला नामा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, नाना गेले." दोन दिवस ताप होता, एवढंच मला ठाऊक होतं. पाढा अर्धा राहिला. मुलांना घरी सोडलं आणि निघाले.

सहा आठवडे झाले. आता नीट लिहिता येईल असं वाटतं, म्हणून लिहिते आहे. शिवाय ज्यांनी आमची खाडी पाहिलेली नाही, त्यांना चांगूनाना कोण होते हे सांगायला दुसरं कोणी बसणार नाही.

अलिबागच्या उत्तरेला आमचं गाव. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ती जमीन तीन-तीन वर्षं पिकत नाही. मी इथे बदलून आले ती स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. बांध राखणं पूर्वी जमीनमालकाचं काम. पण कुळांना जमीन मिळणार अशी बोलणी सुरू झाली आणि मालकाने मातीची पाटी टाकणं बंद केलं. कुळं म्हणत, कागद अजून आमच्या नावाचा नाही. त्यातच मुंबईच्या गिरण्यांतून माणसं कमी होऊन गावी परतत होती, मिठाला उठाव नव्हता, रेशनच्या दुकानात कधी ज्वारी असे, कधी नुसती रांग. उद्याचं कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि बांध कोणाचाच नव्हता. अलिबागहून एक साहेब पाहायला आले, तेव्हा त्यांनीही पहिला प्रश्न हाच विचारला, की बांध कोणाच्या नावे आहे. नाना म्हणाले, कोणाच्याच नाही, म्हणून तर आम्ही करतो. साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही, कोण जाणे.

हे 'आम्ही' म्हणजे बांधमंडळ. नानांनी ते दारोदार फिरून उभं केलं. नियम एकच : उधाणाच्या आधी, म्हणजे दर अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आधी, प्रत्येक घरातून एक माणूस, एक दिवस, आपली भाकरी बांधून. पुरुष नसेल तर बाई. ज्याचं शेत नाही त्यानेही यायचं. न येणाऱ्याला दंड नव्हता. नाना दुसऱ्या दिवशी त्याच्या पडवीत जाऊन बसत, एवढंच. काही बोलत नसत. चहा दिला तर घेत. माणूस पुढच्या खेपेला येई.

मी मंडळात शिरले ती यादीच्या निमित्ताने. मला अव्यवस्था सहन होत नाही. वीस माणसं एका जागी माती टाकताना आणि दुसरीकडे पन्नास पावलांवर खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपताना पाहिलं, आणि मी उठून बांधाचे भाग पाडले. खुंट्या ठोकल्या, आकडे घातले, प्रत्येक घराला एकेक भाग दिला. उधाणाच्या वेळी आपली जागा सोडायची नाही, असंही खाली लिहिलं. नानांनी यादी ऐकली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बाई, पानी काय यादी वाचीत न्हाय." सगळे हसले. मी हसले नाही. पण ते अडूनही बसले नाहीत. वर्षभर बांध असा दिसत होता की बाहेरगावचे लोक पाहायला येत. घराघरांत चुरस लागली. कोणाचा भाग जास्त सपाट, कोणाची माती जास्त दाबलेली... मला फार अभिमान वाटे.

मग श्रावणी अमावास्येचं उधाण आलं. वारा दक्षिणेचा, पाऊस लागलेला, भरती दुपारची. प्रत्येक घराचा माणूस आपापल्या खुंटीपाशी उभा. बारा आणि तेरा या खुंट्यांच्या मध्ये माती ओली होऊन सरकू लागली. बाराव्या घराला वाटलं ती तेराव्याची हद्द, तेराव्याला वाटलं बाराव्याची. दोघांनी हाका मारल्या. हाका सगळ्यांना ऐकू गेल्या, मलाही. कोणी जागा सोडली नाही. यादीतच तसं लिहिलेलं होतं ना. नाना सगळ्यात लांबच्या टोकाला होते, तिथून ते एकटे धावत आले. ते पोचेपर्यंत खांड पडली. आम्ही खांड म्हणतो, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. डोळ्यांदेखत ते बैलगाडी जाईल एवढं झालं. आणि त्याच्या बरोबर मागे शेत होतं ते नानांचं.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. ही वही मी फाडून टाकते, मंडळात राहण्याचा मला अधिकार नाही, असं सांगायचं ठरवून गेले होते. ते ओले कपडे पिळत होते. माझं बोलणं त्यांनी पुरतं होऊ दिलं. मग म्हणाले, "यादी फाडू नका. उलटी करा. कुनाची जागा कंची त्ये लिवू नका. कोन कुनाकडं धावंल त्ये लिवा." आणि आत वळून बायकोला, कमळीकाकींना, म्हणाले, बाईंना चहा दे, त्यांनाच जास्त लागलंय.

आता हातात पंधरा दिवस होते. पौर्णिमेच्या उधाणाआधी खांड बुजली नाही, तर खाडीच आत येणार होती, आणि मग सगळ्या गावाचंच भात गेलं असतं. काम करायचं तर मधल्या भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरतीला जोर नसतो. पण मध्ये आडवी आली गणेशचतुर्थी. आमच्याकडे घरोघरी गणपती, कुठे पाच दिवसांचे, कुठे गौरीबरोबर जाणारे. पिढ्यान्पिढ्यांचा नेम कोण मोडणार? बैठकीत म्हातारी मंडळी हेच विचारत होती. मुंबईहून गिरणीवाले सणाला आले होते, तेही तेच म्हणत होते. तेव्हा कमळीकाकी, ज्या बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या, मागून म्हणाल्या, "द्येव समजून घेल. भरती न्हाय घ्यायची."

त्या वर्षी गावातले सगळे गणपती दीड दिवसांत विसर्जित झाले. असं आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. पंचमीला मूर्ती पाण्यात गेल्या आणि षष्ठीला सकाळी सगळं गाव बांधावर. मुंबईहून आलेली माणसं रजा वाढवून राहिली. नोकरी टिकेल की नाही याची खात्री नसताना राहिली, हे मी मुद्दाम लिहिते. दोन दिवस टाकलेली माती पाणी नेत राहिलं. अष्टमीला कासमभाई आपला जुना मचवा दगडांनी भरून खाडीतून घेऊन आले आणि खांडीच्या तोंडात आडवा लावला. त्यांचं एक वाफाभरही शेत बांधामागे नव्हतं. नानांनी त्यांना म्हटलं, पुन्हा विचार करा. कासमभाई म्हणाले, "नाना, बुढी नाव आहे. घरी कुजेल तर बायको मलाच बोल लावेल." आणि तळाच्या फळ्या फोडून त्यांनी ती बुडवली. तिच्यावर माती धरली. पौर्णिमेला पाणी बांधाला लागलं आणि परत गेलं.

नानांचं शेत मात्र गेलं. तीन वर्षं तिथे मिठाची पांढरी साय दिसे. ते मिठागरावर कामाला जाऊ लागले, आणि तरी उधाणाच्या आदल्या दिवशी दुसऱ्यांच्या शेतापुढचा बांध बांधायला सगळ्यांच्या आधी हजर असत. सुगीला घराघरांतून त्यांच्याकडे भात पाठवायचं ठरलं. मला वाटलं होतं, हा माणूस नको म्हणणार. समजूत घालायला मी चार मुद्दे लिहूनही नेले होते. त्यांनी कणगीचं झाकण काढलं आणि भात ओतून घेतलं. माझ्या चेहऱ्यावरचं आश्चर्य त्यांना दिसलं असावं. म्हणाले, "मी नको म्हनलो तं उद्या ज्याच्यावर येल त्यो बी लाजंल, नको म्हनंल. मंग मंडळ कशाला?"

द्यायला शिकवणारे पुष्कळ पाहिले. घ्यायला शिकवणारा हा एकच.

मंगळवारच्या बैठकीत शोकाचा ठराव झाल्यावर एकाने विषय काढला. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. आता जमिनी कुळांच्या नावावर झाल्या, बांध सरकार ताब्यात घेणार म्हणतात, नानाही गेले. मग मंडळ चालवायचं कशाला? बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, सरकार येईल तेव्हा येईल. कोणी म्हणालं, सरकारचा माणूस अलिबागहून निघेपर्यंत दोन भरत्या होतील. कासमभाई म्हणाले, आमची नाव अजून तुमच्या बांधात आहे, ती काढून देणार असाल तर मंडळ मोडा. हसू आलं, आणि हसण्यातच प्रश्न निकालात निघाला. मंडळ चालू राहील. बांध सरकारने घेतला तरी अमावास्येला आणि पौर्णिमेला आमचा माणूस तिथे असेल. ठराव मीच लिहिला, सगळ्यांनी सही किंवा अंगठा केला.

एक काम मात्र तसंच आहे. बांधात पावसाचं पाणी बाहेर सोडायला लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. तिची फळी कुजली आहे. नाना नवी करत होते. त्यांच्या पडवीत ती अजून दोन लाकडांवर आडवी आहे, अर्धी रंधलेली, खाली भुसा तसाच. माप कुठे लिहिलं आहे का म्हणून मी शोधलं. लिहिलेलं काहीच नाही. नाना टेप वापरत नसत. सगळं वितीने मोजत. काकींनी सांगितलं, सात वीत आणि तीन बोटं, त्यांच्या तोंडून ऐकलेलं. पण वीत कोणाची? सुतार म्हणाला माझ्या हाताने मोजू, नामा म्हणाला माझ्या. तेव्हा काकींनी आपला पंजा फळीवर टेकवला, अंगठा आणि करंगळी ताणली आणि करंगळीच्या पुढे दुसऱ्या हाताचं एक बोट ठेवलं. "एवढा व्हता त्यांचा," त्या म्हणाल्या.

त्याप्रमाणे खूण केली आहे. चैत्र अष्टमीच्या भांगात, ओहोटी लागली की खरी उघाडी त्या खुणेशी ताडून पाहायची, फळी कापायची आणि पावसाआधी बसवायची. सुतार, नामा, कासमभाई आणि मी, चौघांची नावं लिहिली आहेत. कोण कोणाकडे धावेल तेही.

फळी अजून बसलेली नाही.