ट्रीस्टरच्या डोहावरचा अनिवासी

लोर्ना क्रेब्सच्या दुकानाकडे गाडी वळली की ती आधी नंबरप्लेट बघायची, मग माणूस. सत्तावीस वर्षांची सवय. गिऱ्हाईक दारात पाय पुसेपर्यंत तिचं ठरलेलं असायचं, याला घरचा कागद द्यायचा की बाहेरचा.

दुकान तसं लहानच. गांडुळांचे डबे, गळ, शिसाच्या गोळ्या, रबरी बूट, शेगडीवर सतत उकळणारी कॉफी, आणि काउंटरवर राज्याच्या मत्स्यखात्याचं लायसन्स छापणारं मशीन. त्या मशीनवर दुकान चालायचं. लायसन्स घ्यायला आलेला माणूस गांडुळं घेतो, गांडुळं घ्यायला मात्र कुणी सहा मैल वाकडी वाट करत नाही. खात्याने ते मशीन उचलून नेलं तर वर्षभरात शटर खाली येईल हे लोर्नाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिने कधी कुणाचा चुकीचा पत्ता टाकला नाही.

आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजाही यायची. बाहेरचा माणूस दर ऐकून डोळे मोठे करायचा. इथल्या माणसाला वर्षाचे अठ्ठावीस डॉलर, पासष्टी ओलांडली असेल तर चौदा. बाहेरच्याला चौसष्ट, मग तो विशीचा असो की नव्वदीचा, कारण बाहेरच्याचं म्हातारपण खात्याला मान्य नाही. वर ट्राउट मासा धरायचा तर बाहेरच्याला त्याचा शिक्का वेगळा, पंधरा डॉलर.

"अहो बाई, माझं इथं केबिन आहे, टॅक्स भरतो मी," असं कुणी म्हणालं की लोर्नाचं उत्तर तयार.

"मग हिवाळ्यात या की राहायला. फेब्रुवारीत बर्फ उपसा आमच्यासारखा, मग बघू तुमच्या चौदा डॉलरचं."

शेगडीपाशी बाक होतं. त्यावरचे म्हातारे खो खो हसायचे, आणि त्यात सगळ्यात मोठं हसू हार्लन ट्रीस्टरचं. एकदा हार्लनचा सख्खा पुतण्या, नदीपलीकडच्या राज्यात राहणारा, काकाचा पत्ता देऊन घरचा कागद मागायला आला. लोर्नाने बाहेरची प्लेट बघितली आणि त्याला सरळ चौसष्ट डॉलर सांगितले. "बरं केलंस पोरी," हार्लन म्हणाला, "मासे आपण पोसायचे आणि फुकट हे खाणार."

हार्लनने चाळीस वर्षं गावाच्या शाळेची बस चालवली. लोर्ना त्याच बसमधून शाळेत गेली, त्यामुळे ती अठ्ठावन्नची झाली तरी त्याच्यासाठी पोरगीच. त्याचं घर हेमलॉक नावाच्या ओढ्याकाठी, आणि घराखाली ओढा वळतो तिथे खोल डोह. हार्लनच्या बापाने तिथे दगडांचा बांध घातला, तेव्हापासून तो ट्रीस्टरचा डोह. लायसन्सबरोबर खात्याची जी छापील पुस्तिका मिळते, तिच्या नकाशातही तेच नाव आहे.

बायको गेल्यावर दोन हिवाळे त्याने त्या घरात एकट्याने काढले. मग गुडघ्यांनी जिना नाकारला. ऑक्टोबरमध्ये घर विकलं आणि तो मुलीकडे गेला. मुलगी पुलापलीकडे राहते, सहा मैलांवर. पुलाच्या मधोमध राज्याची हद्द आहे, तिथे रस्त्याच्या डांबराचा रंग बदलतो, बाकी काही बदलत नाही. औषधपाण्याचे कागद नीट व्हावेत म्हणून मुलीने त्याचा वाहन चालवण्याचा परवानाही तिकडचा करून घेतला. हार्लनने सही केली आणि विसरून गेला.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी खात्याचा ट्रक आला, ओढ्यात सोडायचे ट्राउट टाकीत घेऊन. ट्रक रस्त्यापर्यंतच येतो. तिथून डोहापर्यंत पाव मैल उतार आहे, आणि मासे बादल्यांनीच न्यावे लागतात. गाव जमतं. हार्लन सोळा वर्षांचा होता तेव्हापासून बादली उचलतोय. त्या शनिवारीही तो सहा मैलांवरून आला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी अकरा खेपा केल्या. नव्या लोकांना तो दरवर्षी तेच सांगायचा, "वरून ओतायचं नाही. बादली पाण्यात टेकवा, ओढ्याचं पाणी आत येऊ द्या, मासा आपला आपण जाईल." खात्याचा अधिकारी कीथ मॉयर, हासुद्धा हार्लनच्याच बसमधून शाळेत गेलेला, त्याने सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुमच्याशिवाय हे होत नाही, हार्लन."

सोमवारी हार्लन लायसन्स घ्यायला दुकानात आला. हंगाम शनिवारी सकाळी आठला सुरू होणार होता.

"काढ माझं चौदावालं," तो म्हणाला आणि सवयीने वाहन परवाना काउंटरवर टाकला.

लोर्नाने तो उचलला. रंग वेगळा होता. तिने उलटून पाहिला, परत सुलटा केला. सहा महिने हा माणूस पलीकडे राहतोय हे सगळ्या गावासारखं तिलाही ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ काय होतो हे तिच्या डोक्यात तोवर शिरलंच नव्हतं. मशीनच्या पडद्यावर नेहमीचा पहिला प्रश्न आला होता: निवासी की अनिवासी.

"हार्लन, जुना आहे का हो तुमच्याकडे? परवाना?"

"तो त्यांनी नवा देताना तिथेच कापून टाकला. का?"

लोर्नाचं बोट आपणहून निवासीवर गेलं आणि ती त्याचा जुना पत्ता टाइप करायला लागली. तो पत्ता तिला पाठ होता. हार्लनने काउंटरवरून वाकून पाहिलं. चाळीस वर्षं आरशातून पोरांवर नजर ठेवलेला माणूस तो, त्याच्या नजरेतून काय सुटणार.

"थांब. ते खोटं आहे."

"कोण विचारतंय इथं?"

"उद्या कुणी विचारलं तर मशीन तुझं जाईल, माझं नाही. खोड ते." त्याने पडद्यावरचा प्रश्न पुन्हा वाचला. "म्हणजे मी बाहेरचा?"

तिने मान हलवली. पुढचं सगळं तिलाच सांगावं लागलं, जे ती सत्तावीस वर्षं हसत सांगत आली होती. वर्षाचे चौसष्ट, शिक्क्याचे पंधरा. वयाची सवलत नाही. तीन दिवसांचं बत्तीसला मिळतं, पण त्यावरही शिक्का पंधराचाच, वर्षाचा जो तोच.

"एकाच दिवसाचं दे मग. मला शनिवारच हवाय."

"एक दिवसाचं आहे. पण ते एप्रिलमध्ये चालत नाही."

"आणि हंगाम कधी सुरू होतो?"

"एप्रिलमध्ये."

बाकावर कुणी हसलं नाही.

हार्लनच्या मागे गॉर्डन लँगली उभा होता. शहरातून निवृत्त होऊन आलेला, हार्लनचं घर घेतलेला माणूस. माणूस वाईट नाही, हे लोर्ना आजही कबूल करते. तो अदबीने म्हणाला, "मी थांबतो, घाई नाही." पण हार्लन बाजूला झाला आणि म्हणाला, "घ्या तुमचं. मी विचार करतो." लँगलीने परवाना पुढे केला. नवा कोरा, या राज्याचा, पत्ता हार्लनच्या घराचा. वय अडुसष्ट. मशीनने खटकन चौदा डॉलर दाखवले. लोर्नाने पैसे घेतले, कागद दिला, पुस्तिका दिली.

"ओढ्यावर चांगली जागा कुठली हो?" लँगलीने विचारलं. "मी आयुष्यात गळ धरलेला नाही."

हार्लननेच पुस्तिका घेतली, नकाशाचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. "इथं. सकाळी उन्हाच्या बाजूला उभं राहायचं नाही, सावली पडते पाण्यावर. आणि गांडूळ अख्खं लावू नका."

लँगली आभार मानून गेला. मग हार्लनने पाकीट काढलं, ऐंशी डॉलर मोजले आणि काउंटरवर ठेवले. "दे वर्षाचं. पैसे आहेत माझ्याकडे." लोर्नाने छापलं. कागद बाहेर आला, त्यावर आडवं, मोठ्या अक्षरात: अनिवासी. आमच्याकडे लायसन्स टोपीला लावून हिंडायचं असतं, चारचौघांना दिसेल असं. हार्लनने कागद हातात धरून बराच वेळ वाचला.

"हे टोपीला लावून मी बापाच्या डोहावर उभा राहू?"

"पैसे मी भरते, तुम्ही फक्त—"

"पैशांचं कोण बोलतंय, लोर्ना?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला नावाने हाक मारली. कागद काउंटरवर ठेवला, ऐंशी डॉलर उचलले आणि निघून गेला.

लोर्नाचं डोकं सणकलं होतं. तिने खात्याला फोन लावला. आधी मशीन बोललं: निवासी असाल तर एक दाबा, अनिवासी असाल तर दोन. तिने एक दाबला, अगदी रागाने दाबला. पंचवीस मिनिटांनी एक गोड आवाजाची मुलगी आली. लोर्नाने सगळं सांगितलं, बस, बांध, साठ वर्षांच्या बादल्या, अकरा खेपा. मुलगी म्हणाली, "मॅडम, समजू शकते मी. ते पुन्हा आपल्या राज्यात राहायला आले की त्यांना लगेच सवलत मिळेल."

"म्हणजे घर परत विकत घ्यायचं त्यांनी?"

"तो त्यांचा निर्णय असेल, मॅडम."

शनिवारी लोर्नाने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा हंगामाच्या पहिल्या दिवशी दुकान बंद ठेवलं. अग्निशामक दलाच्या शेडमध्ये गावाचा पॅनकेकचा नाश्ता चालू होता, तिथेही ती थांबली नाही, थेट डोहावर गेली. काठाला चाळीसेक माणसं रॉड धरून उभी होती. आठ वाजेपर्यंत कुणी गळ टाकायचा नाही हा नियम, आणि या डोहावर आठ वाजले हे हार्लन सांगायचा, घड्याळ हातात धरून. तो आला होता. टोपी डोक्यावर, टोपीला काही नाही, हातात रॉड नाही. बापाच्या बांधावर बसला होता.

"आठ," तो म्हणाला, आणि चाळीस गळ पाण्यात पडले.

दहाव्या मिनिटाला लँगलीच्या गळाला मासा लागला, चांगला मोठा. त्या बिचाऱ्याला काय करावं कळेना. दोरी सरसर सुटली, रॉड वाकला, आणि तो घाबरून ओरडला, "हार्लन, धरा हो, धरा!" हार्लन बसल्या जागेवरून उठला, रॉड हातात घेतला, दोन वळसे दोरी ओढली. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की लोर्नाला रडू यायचं बाकी राहिलं.

कीथ मॉयर काठावरून फिरत होता. तो जवळ आला. त्याचं तोंड पडलेलं होतं, हेही सांगायला हवं.

"हार्लन, रॉड हातात घेतला की ती मासेमारी धरली जाते. माझ्यासमोर नको. परत द्या त्यांना."

हार्लनने रॉड लँगलीच्या हातात दिला. मासा सुटला होता. त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, जसे शाळेतल्या पोराला घालायला सांगावेत तसे, आणि परत बांधावर जाऊन बसला.

लोर्ना कीथसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण चाळीसही माणसांना ऐकू गेलं.

"आठ दिवसांपूर्वी याच हातात बादली होती, कीथ. तेव्हा कागद मागितलास?"

"लोर्ना, नियम मी केलेला नाही."

"नाही ना. मी विकलाय. सत्तावीस वर्षं हसत विकलाय. तेवढी लाज मला तरी वाटू दे."

काठावरच्यांनी माना खाली घातल्या. गळ मात्र पाण्यातच होते.

सोमवारपासून लोर्नाने एक सुरू केलं. लायसन्ससोबत जी पुस्तिका द्यायची, तिच्या नकाशात ट्रीस्टरच्या डोहापुढे ती पेनाने लिहायला लागली: "अनिवासी". प्रत्येक पुस्तिकेत. कुणी विचारलं की ती अथपासून इतिपर्यंत सगळं सांगायची, मागे रांग लागली तरी. खात्याचं एक पत्र आलं, सरकारी छपाईवर काही लिहू नये म्हणून. तिने ते काउंटरवर चिकटवलं आणि लिहीत राहिली. नंबरप्लेट बघणं तिने सोडलं. आता ती प्रश्न वाचून दाखवते आणि मान वर करत नाही.

एप्रिल संपता संपता ट्रक दुसऱ्यांदा आला. लोर्नाची खात्री होती की हार्लन येणार नाही. येऊच नये, असं ती बाकावरच्यांना बजावून सांगत होती. आणि रस्त्याच्या वळणावर हार्लनची गाडी दिसली, पलीकडच्या राज्याची प्लेट लावलेली. त्याने डिकीतून आपली जुनी बादली काढली.

"तुम्हाला काही वाटतं की नाही?" लोर्ना त्याच्यावरच उखडली. "गळ धरायला तुम्ही बाहेरचे आणि हमाली करायला घरचे? राहू दे त्यांचे मासे त्या टाकीत."

"लँगली वरून ओततो, पोरी," हार्लन म्हणाला. "मागच्या खेपेला बघितलं मी. निम्मे उताणे पडले होते."

त्याने बादली भरून घेतली आणि उतार उतरायला लागला, एकेक पाऊल जपून टाकत. लोर्ना दुसरी बादली उचलून त्याच्या मागे गेली. संध्याकाळी कीथने मदतीला आलेल्यांची यादी फिरवली, खात्याला पाठवायची. हार्लनने पहिल्या ओळीत सही केली. नाव आणि किती बादल्या, एवढंच विचारलं होतं. कुठल्या राज्याचे, हा रकाना त्या कागदावर नव्हता.